दगड शिकून लागलेली नोकरी

मी बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या वस्तीत बातमी पसरली की पोरगी भूगोलात पास झाली. मी सांगायचे, भूगोल नाही, भूशास्त्र. समोरचा माणूस थोडा विचार करायचा आणि म्हणायचा, "म्हंजे भूगोलच ना वं?" त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असायचा. यानं नोकरी कोणती लागते? त्याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं.

हा विषय मी निवडला नव्हता, तो माझ्या वाट्याला आला होता. वाशीमहून अमरावतीला जाणारी एसटी वाटेत बंद पडली आणि मी कॉलेजात पोचले तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. व्हरांड्यात एका टेबलामागे एक प्राध्यापक एकटेच बसले होते. त्यांच्यापुढे रांग नव्हती. त्यांनी मला हाक मारून विचारलं, "दगडांचा कंटाळा नाही ना?" मी म्हणाले, "नाही." गावी परत जाण्यापेक्षा दगड बरे, एवढाच माझा विचार होता.

आमचं गाव वाशीम आणि शिरपूरच्या मधलं. वडील कारंज्याला कापसाच्या जिनात हंगामी कामाला जायचे. मी सातवीत असताना ते तापानं गेले. आई निंदण-खुरपण करायची, कापूस वेचायची. आम्ही बौद्ध. धम्म घेतला तेव्हा मी लहान होते, पण त्यानंतर वस्तीतल्या प्रत्येक घरात एक गोष्ट पक्की झाली होती, की पोरांना शिकवायचं. आईनं त्यात मुलगा-मुलगी केलं नाही. मामा वाशीमला प्राथमिक शाळेत शिक्षक होते. माझे अर्ज तेच भरायचे, शिष्यवृत्तीचे कागदही तेच करायचे. बी.एस्सी.नंतर बी.एड. कर, हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही आणि एम.एस्सी.ला नागपूरला गेले, कारण तोपर्यंत दगड मला आवडायला लागले होते. हे कारण मामांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. वसतिगृहाची मेस बंद झाली म्हणून मी गावी आले. घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, "तुई माय रोडाच्या कामावर हाये. गिट्टी फोडून राह्यली."

शिरपूरच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं. दोन्ही बाजूंना काळ्या दगडांचे ढीग होते आणि त्यांच्यामध्ये बायका ओळीनं बसलेल्या. आईनं बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले होते. तिच्या भुवया, पापण्या, सगळं धुळीनं पांढरं झालं होतं. मला पाहून ती उठली नाही. हातातला दगड फोडून झाल्यावर म्हणाली, "आली का? डब्यात भाकर हाये, खाऊन घे."

दुसऱ्या दिवसापासून मीही जायला लागले. मुकादमानं हजेरीपटावर नाव चढवलं. पहिले दोन दिवस माझ्या तळव्यांना फोड आले. प्रयोगशाळेत आम्ही एवढीशी हातोडी वापरायचो आणि दगडाचा एक तुकडा आठवडाभर पुरायचा. इथे संध्याकाळपर्यंत लाकडी माप भरून द्यायचं होतं.

एकदा आईनं फोडलेल्या दगडाच्या पोटातून पांढऱ्या सुयांचा झुबका निघाला. बारीक, चमकणाऱ्या, कापसाच्या बोंडासारख्या फुललेल्या. मी तो उचलला आणि मला राहवलं नाही. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे कसे अडकले, त्या पोकळ्यांतून पाणी कसं झिरपलं आणि हे स्फटिक कसे वाढले, ते मी शेजारच्या बायकांना सांगत सुटले. हातोड्या थांबल्या. आमच्या ओळीतली सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली, "हे तुले सरकार शिकवते?"

"हो."

"वरतून पैसे बी देते?"

"शिष्यवृत्ती मिळते."

ती आईकडे वळली. "बाप्पा! आमी जलमभर दगड फोडून राह्यलो, आमाले कोनी नाव बी नाई सांगतलं त्याचं."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला लाज वाटली. तो दगड मी मापात न टाकता बाजूला ठेवला. आईनं तेवढ्याच आकाराचा दुसरा दगड फोडून माप भरलं.

त्याच आठवड्यात कामावरची पाण्याची टाकी पुरेनाशी झाली. मजुरांसाठी तिथेच विहीर घ्यायची ठरली आणि जागा दाखवायला एक सरकारी जीप आली. तिच्यातून चाळिशीचे, टक्कल पडलेले, उन्हानं रापलेले एक साहेब उतरले. त्यांनी नाल्याच्या काठाकाठानं एक चक्कर मारली, गुडघ्यावर बसून माती चोळली, दरडीचा एक टवका हातोडीनं उडवला आणि तो भिंगाखाली धरला. असं भिंग माझ्याही पिशवीत होतं. कॉलेजाबाहेर कोणीतरी हे काम करतं, त्यासाठी सरकार जीप देतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझे प्राध्यापक शिकवत होते, पण शिकवणं हे काम मला आधीपासून माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

परत जाताना ते आमच्या ओळीपाशी थांबले. माझ्याजवळचा तो पांढरा झुबका त्यांना दिसला होता.

"हा का वेगळा ठेवला?"

"झिओलाइट आहे," मी खनिजाचं नाव सांगितलं. "कुठला ते भिंगाखाली बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे हे सांगितल्यावर त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि तिथेच ढिगावर बसले. मुकादम खुर्ची आणायला धावला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. असा माणूस पुन्हा इतका वेळ भेटणार नाही असं मला वाटलं आणि मी एकदम विचारलं, "सर, तुम्हाला पगार किती मिळतो?"

आईनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. पण साहेब रागावले नाहीत. सरळ उत्तर दिलं. सुरुवातीला चारशेच्या वर, भत्ते वेगळे, फिरतीचे दिवस महिन्यातले वीस. आम्हाला दिवसाला दोन-अडीच रुपये पडत होते. शेजारच्या बाईनं बोटांवर हिशोब सुरू केला आणि मध्येच सोडून दिला.

मग त्यांनी मला बाकीचंही सांगितलं. कोळशाच्या खाणी आहेत, मॅंगनीजच्या आहेत, तेल शोधणारे आहेत, देशभर नकाशे करणारं मोठं खातं आहे, त्याच्या परीक्षेला फार लोक बसतात. पाण्याच्या कामात सध्या माणसं हवी आहेत, कारण दुष्काळ आहे. "पण आमच्यातले बरेच जण तात्पुरते आहेत. सहा-सहा महिन्यांचे हुकूम. मध्येच दोन-चार आठवडे खंड. पाऊस चांगला झाला की आमची किती आठवण राहील, सांगता येत नाही."

"आणि मुलींना घेतात का?"

"माझ्याबरोबर एकही नाही. पण जाहिरातीत पुरुषच हवेत असं लिहिलेलं नसतं. मी मुद्दाम वाचून पाहिलंय. माझीही मुलगी शाळेत आहे."

आईनं मध्येच विचारलं. "साहेब, ही नोकरी पाऊस पडला की जाते का?"

"जाऊ शकते, बाई."

"मंग आमच्या कामासारकीच हाये."

साहेब मोठ्यानं हसले. जाताना त्यांनी वहीतलं पान फाडून आपल्या कचेरीचा पत्ता लिहून दिला. त्यांनी दाखवलेल्या जागी पंधरा दिवसांत विहीर खोदली गेली आणि सतरा-अठरा हातांवर पाणी लागलं. मी नागपूरला परत गेले तेव्हा आई तेच पाणी पीत होती.

एम.एस्सी. झाल्यावर वर्षभर मी घरी होते. त्या वर्षाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. अर्ज केले, उत्तरं आली नाहीत. मामा दर रविवारी यायचे आणि जाताना चपला घालत म्हणायचे, "बी.एड. केलं असतं तर आता वर्गात असती." ते वाईट बोलत नव्हते, खरं बोलत होते. गावातला एक माणूस मला रस्त्यात थांबवून त्याच्या शेतात पुरलेलं धन कुठे आहे ते विचारायचा. जमिनीतलं शिकलीस ना, मग सांग.

मग साहेबांनी दिलेल्या पत्त्यावर केलेल्या अर्जाला उत्तर आलं, पाण्याच्या खात्याचं मुलाखतीचं पत्र. मी आणि आई नागपूरला गेलो. आई बाहेर बाकावर बसली. आत तिघे होते. खडकांचे प्रश्न मला येत होते, ते पटापट संपले. मग मधले गृहस्थ खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "बाई, हे काम शेतात, रानात फिरायचं आहे. खेड्यात मुक्काम पडतो. तुम्ही एकट्या कशा राहणार?"

या प्रश्नाची मी तयारी केली होती. मुलगेही एकटेच राहतात, वगैरे. पण तोंडातून वेगळंच आलं. "माझी आई येईल बरोबर."

एक जण हसला. "सरकार आईचा भत्ता देत नाही."

"मागणार नाही," मी म्हणाले. "ती बाहेर बसली आहे. तुम्ही विचारू शकता."

त्यांनी खरंच शिपायाला पाठवून आईला आत बोलावलं. आई दारातच उभी राहिली, पदर सावरून. मधल्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही मुलीबरोबर गावोगाव फिराल का? आई म्हणाली, "मी दोन वर्सं रोडावर गिट्टी फोडली साहेब. मले जीपमदी बसाले काय जाते?"

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. असं बोलायचं का? ती म्हणाली, "खोटं बोलली का मी?"

नेमणुकीचा हुकूम आला त्याच आठवड्यात मामाही धावत आले. कारंज्याच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिक्षिकेची जागा होती. संस्थेशी त्यांचं बोलणं झालं होतं. बी.एड. नोकरीत राहून करता येणार होतं, आणि दोन वर्षांत कायम. माझा सरकारी हुकूम सहा महिन्यांचा होता आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की कोणतीही सूचना न देता सेवा संपुष्टात येईल.

मामांनी दोन्ही कागद चटईवर शेजारी शेजारी ठेवले. "पगार इकडे जास्त हाये, मले दिसते. पन सहा महिन्यांनी काय करशीन? बाईमानसाच्या जातीनं खडकाखडकानं हिंडाचं?"

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती कारंजा म्हणेल. मी सुद्धा अर्धी कारंज्याकडे झुकले होते. वर्षभर घरी बसल्यावर 'कायम' या शब्दाचं वजन मला कळलं होतं.

आई म्हणाली, "मास्तरीन ते कवाबी होईन. त्या साहेबानं जागा दाखोली, तठी पानी लागलं. आमी दीडशे बाया थेच पानी पेलो. तसं काम असन तर करू दे तिले."

मामांनी शाळेचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मी तारीख पुढे ढकलाले सांगतो." त्यांनी ती खरोखर तीन महिने ढकलत नेली. मला हे फार नंतर समजलं.

नेमणूक वाशीमला होती, पण मामांच्या घरी जागा नव्हती; खोली मिळायला बारा दिवस लागले. आडनाव सांगितलं की खोली आधीच दुसऱ्या कोणाला दिलेली असायची. शेवटी स्टेशनजवळ एका रेल्वे फिटरच्या बायकोनं मागची खोली दिली. तिनं फक्त एवढंच विचारलं, की पाणी भरायला दोघी आहात ना?

कामाचं स्वरूप साधं होतं. सकाळी जीप निघायची. गावातल्या जुन्या विहिरी पाहायच्या, वजन बांधलेली टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचं, विहिरीच्या भिंतीत वरून खाली कोणते थर दिसतात ते वहीत काढायचे. वर काळी माती, मग मुरूम, मग मऊ खडक, मग काळा पाषाण. आमच्या भागात पाणी फार करून दोन पाषाणांच्या मधल्या भोकाभोकांच्या दगडात असतं. त्याला खोदणारे लोक मांजऱ्या म्हणतात. तो कुठे आणि किती खोल आहे, हे जमिनीत चार सळया ठोकून, त्यांतून वीज सोडून यंत्रावर अंदाजता येतं. माझे वरिष्ठ म्हणून तेच जीपवाले साहेब होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला ओळख दाखवली नाही. दुपारी डबा खाताना हळूच म्हणाले, "पत्ता हरवला नाहीत, बरं झालं."

आई रोज बरोबर यायची. जीपच्या मागच्या बाकावर पाण्याचा कॅन धरून बसायची. मी सळया ठोकायला लागले की ती झाडाखाली गावातल्या बायकांशी बोलायची आणि संध्याकाळी मला सांगायची, की अमुक विहिरीला होळीनंतरही पाणी असतं, तमुक विहीर पुरुष सांगतात तितकी चांगली नाही. बायांना विहिरीचं खरं माहीत असतं, असं ती म्हणायची. मी ते वहीच्या समासात लिहून ठेवायचे आणि नंतर मोजून पाहायचे. बहुतेक वेळा जुळायचं. लोक मला पानीवाली बाई म्हणायला लागले आणि तिला पानीवालीची माय.

दुसरा हुकूम मिळाला, तिसरा मिळाला. मध्ये एकदा पाच आठवडे खंड पडला. त्या पाच आठवड्यांत मी रोज सकाळी उठून पोस्टमनची वाट पाहायचे आणि आई रोज म्हणायची, पाऊस कमीच हाये यंदा, बोलावतीन.

मग ते गाव आलं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

मोठं गाव नव्हतं. गावठाण उंचावर, त्यात सरकारी विहीर, जी होळीच्या आधीच आटायची. खाली नाल्याकडे पंचवीसेक घरांची बौद्ध वस्ती. नवी विहीर मंजूर झाली होती आणि सरपंचांनी जागा आधीच ठरवली होती, वर, देवळाजवळच्या मोकळ्या जागेत. ते सभ्य गृहस्थ होते. आम्हाला चहा दिला, आईला बसायला पोतं टाकलं. मी तीन दिवस मोजणी केली. वर तीन हातांवर काळा पाषाण लागत होता आणि तो खूप खोलपर्यंत तसाच होता. खाली नाल्याच्या वळणावर मुरूम जाड होता, त्याखाली यंत्राचा आकडा एकदम उतरत होता, म्हणजे खाली ओल होती. जागा स्पष्ट होती. ती वस्तीच्या शेवटच्या घरापासून शंभर पावलांवर होती.

सरपंच म्हणाले, "बाई, विहीर गावासाठी हाये. वस्तीसाठी नाई."

"गावासाठीच आहे. गावानं खाली यायचं."

"असं कसं म्हन्ता? आमच्या बाया तिकडे जातीन का?"

"पाणी तिथं आहे."

ते थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग आवाज न चढवता म्हणाले, "तुमी कोनाच्या, ते आमाले ठाव हाये ना. म्हून तुमाले पानी तिकडेच दिसून राह्यलं."

मी यंत्र गुंडाळलं आणि जीपमध्ये येऊन बसले. आईनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं नाही. मला राग आला होता, पण रागापेक्षा वाईट एक गोष्ट होती. मला स्वतःचीच खात्री वाटेना. पहिल्या दिवशी जीपमधून उतरले तेव्हा वस्तीतल्या बायका लांबून पाणी आणताना मी पाहिल्या होत्या. विहीर इथं व्हावी, असं माझ्या मनात मोजायच्या आधी आलं होतं. मग मोजताना मी सरळ मोजलं का? घरी जाऊन आकडे पुन्हा मांडले. तेच उत्तर आलं. पण ते आकडे घेतलेही मीच होते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सरपंच काय म्हणाले तेही, आणि माझ्या मनात काय आलं तेही. त्यांनी माझी वही मागितली नाही. म्हणाले, "खुंटी ठोकलीय का?"

"हो."

"काढून टाका. खूण ठेवू नका. मी परवा येतो."

ते आले आणि सकाळपासून दुपारपर्यंत एकटे फिरले. मी आणि आई सरपंचांच्या ओट्यावर बसून होतो. सरपंचही तिथेच. एकच्या सुमारास साहेबांनी खाली नाल्याकडून हात वर केला. आम्ही गेलो. त्यांची खुंटी माझ्या जागेपासून अकरा पावलांवर होती. मी ती पावलं सरपंचांसमोर मोजली. साहेब कुठल्या समाजाचे आहेत हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं, आणि आमचे तर ते नव्हते.

सरपंच म्हणाले, "साहेब, वर नाईच म्हन्ता?"

"वर दगड आहे. हवा असेल तर देवळाला पायरी करा."

जीपकडे जाताना ते मला म्हणाले, "वही स्वच्छ ठेवत चला. असं पुन्हा कोणी म्हटलं तर वही पुढे करायची, भांडायचं नाही."

खोदाई सुरू झाली. वस्तीतले लोक कामावर होतेच, हळूहळू गावातलेही आले, कारण मजुरी दोघांनाही हवी होती. दहा-बारा हातांपर्यंत काम भरभर झालं. मग पाषाण लागला. यंत्राच्या अंदाजात तो पातळ होता, पण सुरुंगामागून सुरुंग लागत होते आणि बाहेर फक्त काळा, घट्ट, कोरडा दगड येत होता. आठ दिवस. सरपंच रोज एकदा काठावर येऊन आत पाहून जायचे. माझं जेवण सुटलं. खोदणाऱ्यांमधला एक तरुण म्हणाला, "बाई, घाबरू नका, आमाले मजुरी तर भेटून राह्यली." त्यानं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं.

नवव्या दिवशी आई बाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगावर चढली. मी म्हटलं, पडशील. ती वाकून एकेक दगड हातात घेऊन परत टाकत होती. मग एक घेऊन आली. "हा पाह्य. हा फुसका हाये. असा दगड मुकादम गिट्टीत घ्याचा नाई, आमाले फेकून द्या लागे."

मी तो हातात घेतला. भोकाभोकांचा, लालसर. मी फोडला. आतून गार होता आणि भोकांच्या कडा ओल्या होत्या. मी काठावर पोटावर झोपून खाली ओरडले, की असा दगड कुठून निघाला? खालून आवाज आला, पूर्वेच्या कोपऱ्यातून.

त्यानंतर दोनच सुरुंग लागले. पाणी उसळून वगैरे आलं नाही. कोपऱ्यातून हाताच्या मनगटाएवढी धार सुरू झाली आणि ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोदणाऱ्यांची हत्यारं पाण्याखाली होती. मी टेप सोडली आणि आकडा वाचताना माझे डोळे भरले म्हणून मला तो दोनदा वाचावा लागला.

पहिले तीन दिवस फक्त वस्तीतल्या बायका आल्या. चौथ्या दिवशी पहाटे फटफटताना सरपंचांची सून दोन घागरी घेऊन खाली आली आणि काठापासून जरा दूर उभी राहिली. तिथे वस्तीतली एक म्हातारी पाणी शेंदत होती. तिनं वर पाहिलं. "कायले उभी राह्यली वं? भर नं. उन्ह चढन मंग." सून पुढे आली. हे मला आईनं सांगितलं, कारण आमचा मुक्काम तेव्हा त्याच गावात होता आणि त्या दिवशी ती मुद्दाम लवकर जाऊन तिथं बसली होती. महिन्याभरात वरच्या बाया रोज येऊ लागल्या. त्यामुळे गावातलं सगळं बदललं, असं मी म्हणणार नाही. त्यांचा दोर वेगळा असायचा. पण विहीर एक होती.

माझ्या सगळ्याच जागा लागल्या नाहीत. पुढच्याच वर्षी मालेगावकडच्या एका गावात मी दाखवलेली विहीर पूर्ण कोरडी गेली. त्या लोकांनी मला चहा दिला आणि एक शब्द बोलले नाहीत. त्या वेळी कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी वहीत कारण शोधलं, सापडलं, आणि ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

दशक संपत आलं तेव्हा आम्हा तात्पुरत्या लोकांना सेवेत कायम केल्याचा हुकूम आला. मी तो मामांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून तळाच्या सहीपर्यंत वाचला, मग पुन्हा वरून वाचला, आणि म्हणाले, "आता वस्तीतल्या पोरायले सांगाले पाह्यजे, असा बी एक विषय असते." पुढच्या रविवारी ते खरोखरच तीन मॅट्रिक झालेल्या मुलांना आणि एका मुलीला माझ्या खोलीवर घेऊन आले. मी त्यांना सगळं सांगितलं, हुकूम, खंड, फिरती, खाणी, परीक्षा, आणि कोरडी गेलेली विहीरही. निघताना त्या मुलीनं माझं भिंग मागून घेतलं आणि ओट्याच्या दगडावर धरून पाहिलं.

त्यानंतर माझी बदली चंद्रपूरकडे झाली. माझ्या जागेवर अमरावतीची एक मुलगी आली, नुकतीच एम.एस्सी. झालेली. तिनं एसटीतून ट्रंक उतरवून घेतली आणि एकटीच चालत कचेरीत आली. हेडक्लार्कनं तिला रुजू होण्याचा कागद दिला, सही घेतली आणि चहा मागवला. कुठे राहणार, कोण बरोबर आहे, काहीच विचारलं नाही. मी दारात उभी राहून हे पाहत होते.

आई सामान बांधत होती. नव्या मुलीला तिनं स्टेशनजवळची आमची खोली दाखवली, नळ किती वाजता येतो ते सांगितलं, आणि मग तिला जवळ बसवून गावांची यादी सुरू केली, कुठल्या गावात कुठल्या बाईला विहिरीचं विचारायचं. त्या मुलीनं पिशवीतून कोरी वही काढली आणि लिहायला लागली.